सत्र, सेमिस्टर आणि फॉल : इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी शालेय वर्षाचे शब्द

आमच्या गावात एका वर्षात चार वर्षे सुरू होतात. भिंतीवरचे कॅलेंडर १ जानेवारीला बदलते, सालदाराचे साल गुढीपाडव्याला ठरते, सोसायटीचा हिशेब १ एप्रिलला नव्या पानावर जातो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेची घंटा जूनच्या शेवटी वाजते. यात कोणाचाही गोंधळ होत नाही, कारण "यंदा" हा शब्द सालदार बोलला की मास्तर बोलले, यावरून ऐकणारा त्याचा अर्थ आपोआप लावतो. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र हा आधार नसतो. त्याच्यासमोर टर्म, सेमिस्टर, सेशन, क्वार्टर असे शब्द येतात, तो शब्दकोश उघडतो आणि त्यातल्या बहुतेक शब्दांपुढे त्याला एकच उत्तर सापडते : सत्र.

आमच्या गावच्या अभ्यासिकेत मी संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. दोन वर्षांपूर्वी तेथे येणाऱ्या, बारावी झालेल्या एका मुलीने परदेशातील एका संस्थेच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमाची सूचना मोबाइलवर वाचली. वर्ग 'स्प्रिंग टर्म'मध्ये सुरू होतील, असे तीत लिहिले होते. स्प्रिंग म्हणजे वसंत हे तिने शब्दकोशात पाहिले, वसंत म्हणजे चैत्र-वैशाख हे तिला शाळेतच शिकवले होते, म्हणून होळी झाली की अर्ज करू असे ठरवून ती घरच्या कापूस वेचणीला लागली. फेब्रुवारीत तिने ती सूचना मला दाखवली तेव्हा वर्ग सुरू होऊन पाच आठवडे झाले होते. तिने शब्दाचा अर्थ अगदी बरोबर लावला होता, फक्त तो शब्द ज्या देशातून आला होता तेथील कॅलेंडर तिला कोणी दाखवले नव्हते, आणि त्या कोणी-मध्ये मीही होतो.

तेव्हापासून मी शालेय वर्षाचे शब्द भाषांतर करून शिकवत नाही. प्रत्येक शब्दापुढे आधी देश लिहायचा, मग महिने लिहायचे आणि शब्द इयत्तेचा असेल तर मुलाचे वय लिहायचे. मराठी प्रतिशब्द सुचला तर शेवटी लिहायचा, नाही सुचला तरी चालते. पुढील पायऱ्या याच पद्धतीने मांडल्या आहेत. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसोबतच, ज्यांची मुले मराठी शाळेतून इंग्रजी माध्यमात गेली आहेत अशा पालकांनाही त्यांचा उपयोग होईल.

पहिली पायरी : आधी आपले वर्ष कागदावर काढा

वहीच्या आडव्या पानावर बारा घरे आखा आणि पहिल्या घरात जानेवारी न लिहिता जून लिहा. विदर्भातील विद्यार्थ्याने या घराचा शेवटचा पाव भागच रंगवावा. उन्हाच्या तीव्रतेमुळे आपल्याकडील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात. २०२५ मध्ये राज्यात इतरत्र शाळा १६ जूनला सुरू झाल्या आणि विदर्भात २३ जूनला. जूनच्या त्या घरापासून दिवाळीपर्यंतची पट्टी म्हणजे प्रथम सत्र, इंग्रजीत फर्स्ट टर्म. या पट्टीत पेरणी, पोळा, गणपती, दसरा आणि सोयाबीनची सोंगणी येते, आणि वर्गातील हजेरीही त्या क्रमानेच वर-खाली होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर एप्रिलअखेरपर्यंतची पट्टी म्हणजे द्वितीय सत्र, सेकंड टर्म. मार्चमध्ये शाळा सकाळची होते, एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा होते आणि १ मे रोजी झेंडावंदनानंतर निकाल हाती पडतो.

आता त्याच पानाखाली इंग्रजी वाक्य लिहा : "द स्कूल इयर रन्स फ्रॉम जून टू एप्रिल." मराठीत वर्ष 'असते' किंवा 'चालते', इंग्रजीत ते 'रन' होते, आणि हे क्रियापद एकदा अंगवळणी पडले की पुढची बरीच वाक्ये सुटतात. सत्रासाठी "इन द फर्स्ट टर्म", सुट्टीसाठी "ड्युअरिंग द समर व्हेकेशन" असे म्हणावे. पूर्ण वर्षाला अकॅडेमिक इयर म्हणतात आणि ते दोन सनांच्या जोडीने लिहितात, जसे २०२५-२६. अर्जात 'अकॅडेमिक इयर' या रकान्यात एकटा २०२५ लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. एकटा सन म्हणजे कॅलेंडर इयर, आणि ते जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपते.

सीबीएसई अभ्यासक्रमाच्या शाळेत मूल घातले असेल तर हे पान त्याच्यासाठी वेगळे काढावे लागेल, कारण त्या शाळांचे वर्ष साधारण एप्रिलमध्येच सुरू होते, काही आठवडे वर्ग भरतात आणि मग उन्हाळ्याची सुट्टी लागते. एका घरात थोरला जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि धाकटी सीबीएसईत असेल, तर एप्रिलमध्ये एकाची वार्षिक परीक्षा आणि दुसरीचे नवे पुस्तक अशी स्थिती येते. पालकांना हे विचित्र वाटते, पण चूक कोणत्याच शाळेची नसते.

दुसरी पायरी : वर्षाचे तुकडे मोजा

कास्तकाराला हे समजावणे फार सोपे आहे. कोरडवाहू वावरात एक खरीप निघतो, पाणी असेल तर रब्बी होते, आणि पूर्व विदर्भात तलावाचे किंवा कालव्याचे पाणी पुरले तर उन्हाळी धानही घेतात. वर्ष तेच, पण त्यात हंगाम किती बसवायचे हे ज्याच्या त्याच्या सोयीवर अवलंबून असते. शाळा-कॉलेजांचेही तसेच आहे.

टर्म हा सर्वांत मोकळा शब्द आहे. वर्षाचा कोणताही शिकवणीचा भाग म्हणजे टर्म. त्यात महिने किती, हे तो शब्द सांगत नाही. महाराष्ट्राच्या शाळेत दोन टर्म असतात. इंग्लंडच्या शाळेत तीन असतात : ऑटम टर्म सप्टेंबर ते डिसेंबर, स्प्रिंग टर्म जानेवारी ते ईस्टर (मार्च-एप्रिलमध्ये येणारा ख्रिस्ती सण) आणि समर टर्म ईस्टरनंतर जुलैपर्यंत. ऑस्ट्रेलियाच्या शाळेत चार टर्म असतात, प्रत्येक साधारण दहा आठवड्यांची, आणि त्यांचे वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरात संपते, कारण तेथे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. ऑक्सफर्ड विद्यापीठातही तीनच टर्म आहेत, पण त्यांची नावे मायकलमस, हिलरी आणि ट्रिनिटी अशी आहेत, आणि वर्ग भरतात ते प्रत्येकी फक्त आठ आठवडे. ही नावे पाठ करण्याची गरज नाही. एखाद्या मजकुरात 'मायकलमस टर्म' दिसली तर ती कोणी व्यक्ती नसून ऑक्टोबर ते डिसेंबरचा काळ आहे, एवढे लक्षात राहिले तरी पुरे.

याच शब्दाचे आणखी दोन अर्थ विद्यार्थ्याला अडवतात. 'टर्म्स अँड कंडिशन्स' म्हणजे अटी व शर्ती, आणि 'सायंटिफिक टर्म्स' म्हणजे शास्त्रातील पारिभाषिक संज्ञा. 'स्कूल टर्म्स' असे दोनच शब्द समोर आले तर शाळेची सत्रेही होतात आणि शाळेत वापरल्या जाणाऱ्या संज्ञाही होतात. आजूबाजूला महिन्यांची नावे असतील तर सत्रे, शब्दांची यादी असेल तर संज्ञा.

सेमिस्टर या शब्दाच्या पोटात लॅटिन भाषेतील सहा आणि महिना हे दोन शब्द आहेत. त्यामुळे पदवी कॉलेजात सेमिस्टर म्हणजे सहा महिने असे सांगितले जाते, आणि वर्षाचे दोन भाग पाडले तर तो हिशेब बरोबरही बसतो. परंतु अमेरिकेतील कॉलेजात सेमिस्टरमधील प्रत्यक्ष शिकवणी साधारण पंधरा आठवड्यांची, म्हणजे साडेतीन महिन्यांच्या आतबाहेर असते. 'सेमिस्टर' वाचून सहा महिन्यांच्या खोलीभाड्याचा हिशेब करू नये. क्वार्टर म्हणजे चौथा हिस्सा. स्टॅनफर्डसारख्या काही अमेरिकन विद्यापीठांत वर्षाचे चार क्वार्टर असतात, प्रत्येकात सुमारे दहा आठवडे शिकवणी होते, त्यांपैकी उन्हाळ्याचा क्वार्टर बहुतेक विद्यार्थी घेत नाहीत, म्हणून व्यवहारात तीनच उरतात. ट्रायमेस्टर म्हणजे वर्षाचे तीन भाग. हाच शब्द गरोदरपणाच्या तीन-तीन महिन्यांच्या टप्प्यांसाठीही वापरतात आणि आरोग्य केंद्रातील तक्त्यावर तो दिसतो. आशाताईंच्या घरातील मुलांना हा शब्द माझ्याआधी ठाऊक असतो.

सेशन या शब्दाबाबत जास्त सावध राहावे. भारतात 'सेशन २०२५-२६' म्हणजे पूर्ण शैक्षणिक वर्ष. इंग्लंडमधील शाळांच्या नियमांत मात्र सेशन म्हणजे अर्धा दिवस : सकाळचे एक आणि दुपारचे एक. तेथील शाळा वर्षात किमान १९० दिवस भरते, आणि म्हणूनच कागदोपत्री ३८० सेशन्स लिहिलेली असतात. ज्याने आपल्या अर्थाने वाचले त्याला तेथील मूल ३८० वर्षे शाळेत जाते असे वाटेल. नागपूरला डिसेंबरात भरते ते विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशनही इंग्रजीत विंटर सेशनच आहे, आणि ऑनलाइन वर्गाचा एक तासही सेशनच. दिवसांची तुलना निघालीच आहे तर सांगतो : आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरलेले आहेत. अमेरिकेतील अनेक राज्यांत हा आकडा १८० आहे.

इंग्लंडच्या तीन टर्मपैकी प्रत्येकीच्या मध्ये एक आठवड्याची सुट्टी असते, तिला हाफ-टर्म म्हणतात. हाफ-टर्म म्हणजे अर्धे सत्र नव्हे, अर्ध्यावर मिळणारी सुट्टी. मिड-टर्म म्हणजे मात्र बहुधा सत्राच्या मधली परीक्षा. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी घातले तर सुट्टीच्या दिवशी परीक्षेची भीती वाटेल आणि परीक्षेच्या दिवशी आपण घरी असू.

तिसरी पायरी : ऋतूचे नाव म्हणजे हवामान समजू नका

त्या मुलीची चूक येथे झाली होती, म्हणून या पायरीवर मी वर्गात सर्वाधिक वेळ देतो. अमेरिकेतील कॉलेजांचे वर्ष ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होते. पहिल्या सेमिस्टरला फॉल म्हणतात. फॉल म्हणजे पानगळीचा ऋतू, इंग्लंडमध्ये ज्याला ऑटम म्हणतात तोच. दुसऱ्या सेमिस्टरला स्प्रिंग म्हणतात आणि ते जानेवारीत सुरू होऊन मेमध्ये संपते. जानेवारीत तेथील बऱ्याच भागांत बर्फ पडत असतो आणि झाडाला एक पान नसते. तरीही सेमिस्टरचे नाव वसंत, कारण नाव ते कोठे संपते त्यावरून पडले आहे असे समजून घेतले की लक्षात राहते. इंग्लंडची स्प्रिंग टर्मही जानेवारीतच सुरू होते.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. नागपूर आणि अमरावती विद्यापीठांच्या गुणपत्रिकांवर परीक्षेपुढे 'विंटर' आणि 'समर' असे लिहिलेले असते, म्हणजे हिवाळी परीक्षा आणि उन्हाळी परीक्षा. विषम क्रमांकाच्या सेमिस्टरची परीक्षा हिवाळी आणि सम क्रमांकाच्या सेमिस्टरची उन्हाळी. वेळापत्रक काही आठवडे पुढे सरकले तरी हंगामाचे नाव बदलत नाही. फरक एवढाच की आपण परीक्षेला ऋतूचे नाव देतो आणि अमेरिकेत शिकवणीला देतात. तेथील कॉलेजाने विचारलेल्या रकान्यात 'विंटर २०२४' लिहिल्यास वाचणाऱ्याला तो सत्राचा उल्लेख वाटेल. म्हणून तेथे महिना आणि सन लिहावा.

'फॉल इनटेक' म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या वर्गांचे प्रवेश, पण अर्जाची मुदत त्याच्या बरीच आधी, अनेक ठिकाणी त्याआधीच्या हिवाळ्यातच संपलेली असते. आपल्याकडे बारावीचा निकाल लागल्यावर प्रवेशाची धावपळ सुरू होते. तेथे निकालाच्या आधी अर्ज आणि अर्जाच्या आधी तयारी, असा उलटा क्रम आहे. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीसारख्या योजनेचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच आपल्या पानावर फॉलच्या घरापासून मागे मोजत यावे.

चौथी पायरी : इयत्ता शब्दात नाही, वयात पाहा

महाराष्ट्रात मूल सहाव्या वर्षी पहिलीत जाते, म्हणून दहावीतील मूल पंधरा-सोळा वर्षांचे असते. हा एक आकडा हाताशी ठेवला की बाकी सर्व देशांच्या इयत्ता त्यावर बसवता येतात. अमेरिकेत पाचव्या वर्षी किंडरगार्टन, सहाव्या वर्षी फर्स्ट ग्रेड आणि तेथून ट्वेल्फ्थ ग्रेडपर्यंत क्रम आपल्यासारखाच चालतो. या संपूर्ण शाळेला के-१२ म्हणतात, त्यातील 'के' किंडरगार्टनचा. आपल्याकडे केजी वन आणि केजी टू अशी दोन वर्षे असतात, तेथे किंडरगार्टन एकच वर्षाचे. इंग्लंडमध्ये मूल चार वर्षे पूर्ण झाल्यावर सप्टेंबरात रिसेप्शन वर्गात जाते आणि पुढच्या वर्षी इयर वनमध्ये, त्यामुळे तेथील आकडा आपल्यापेक्षा एकाने मोठा निघतो : आपली दहावी म्हणजे इयर इलेव्हन, आणि त्याच वर्षाच्या शेवटी तेथील मुले जीसीएसई परीक्षा देतात. रिसेप्शन हा शब्द वाचून लग्नाचा स्वागतसमारंभ आठवतो, पण येथे तो चार-पाच वर्षांच्या मुलांचा वर्ग आहे.

इंग्लंडमधील अकरावी-बारावीला, म्हणजे इयर ट्वेल्व्ह आणि थर्टीनला, सिक्स्थ फॉर्म म्हणतात. सहावी म्हणून त्याचे भाषांतर केलेले मी छापील मजकुरातही पाहिले आहे. जुन्या पद्धतीत माध्यमिक शाळेचे वर्ग अकराव्या वर्षापासून फर्स्ट फॉर्म, सेकंड फॉर्म असे मोजले जात आणि शेवटचा सहावा येई. पद्धत गेली, शेवटच्या वर्गाचे नाव राहिले. येथे फॉर्म म्हणजे भरायचा कागद नव्हे, वर्ग; वर्गशिक्षकाला फॉर्म ट्यूटर म्हणतात.

अमेरिकेत नववी ते बारावीच्या मुलांना अनुक्रमे फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनिअर आणि सीनियर म्हणतात, आणि चार वर्षांच्या कॉलेजात गेल्यावर तीच चार नावे पुन्हा पहिल्यापासून लागतात. म्हणजे सतरा वर्षांचा सीनियर तीन महिन्यांनी फ्रेशमन होतो. आपल्याकडे अकरावी-बारावीला ज्युनिअर कॉलेज आणि पदवीला सीनियर कॉलेज म्हणतात. अमेरिकेत ज्युनिअर कॉलेज म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षांची संस्था. "आय स्टडी इन ज्युनिअर कॉलेज" असे अकरावीतील मुलाने लिहिले तर तेथील वाचक त्याला बारावी झालेला समजेल. त्याने "आय ॲम इन इलेव्हन्थ ग्रेड" लिहावे, आणि गंमत अशी की मग त्याला ते ज्युनिअरच म्हणतील.

येथे व्याकरणाचा एक बारकावा आहे आणि परीक्षेत त्यावर गुण जातात. "इन द टेन्थ स्टँडर्ड" असे म्हणताना 'द' लागतो. "इन टेन्थ ग्रेड", "इन क्लास टेन", "इन इयर इलेव्हन" यांत तो लागत नाही. आकडा शब्दाच्या मागे आला की 'द' गळतो असा नियम विद्यार्थी बसवतात आणि तो क्लास व इयरला जुळतो. ग्रेडचे वाक्य मात्र तसेच्या तसे पाठ करावे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे आपल्याकडेही ५+३+३+४ असे नवे आकडे कागदोपत्री दिसू लागले आहेत. या इयत्ता नव्हेत, टप्प्यांतील वर्षांची संख्या आहे : अंगणवाडी किंवा बालवाडीची तीन वर्षे धरून दुसरीपर्यंत पाच, मग तिसरी ते पाचवी, सहावी ते आठवी आणि नववी ते बारावी.

पाचवी पायरी : जे शब्द आपलेच वाटतात ते तपासा

अनोळखी शब्दाचा अर्थ विद्यार्थी शोधतो. ओळखीच्या शब्दाचा कोणीच शोधत नाही, आणि फसगत तेथे होते. 'ट्यूशन' म्हणजे आपल्याकडे शिकवणी. परदेशातील कॉलेजाच्या कागदावर ट्यूशन म्हणजे शिक्षणशुल्क. "ट्यूशन वेव्हर" मिळाला म्हणजे शुल्क माफ झाले. आमच्या एका विद्यार्थ्याला वाटले की संस्था त्याला शिकवणीतून सूट देते आहे, आणि इंग्रजी कच्चे असल्याने आपल्याला शिकवणी हवीच, असे त्याने नम्रपणे उत्तरही लिहून ठेवले होते. पाठवण्याआधी ते वाचायला मिळाले हे नशीब.

'क्लास' म्हणजे आपल्या बोलण्यात खासगी शिकवणी, "क्लास लावला" म्हणतो तसा. इंग्रजीत तो शाळेचा वर्गही असतो, एक तासिकाही असते, आणि अमेरिकेत 'क्लास ऑफ २०३०' म्हणजे २०३० मध्ये शिक्षण पूर्ण करणारी तुकडी. आपल्या 'बॅच'चा भरवसा नाही. भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्याची बॅच रुजू होण्याच्या वर्षावरून सांगतात, कॉलेजातील मुले बहुधा उत्तीर्ण होण्याच्या वर्षावरून सांगतात. अर्जात बॅच न लिहिता प्रवेशाचे वर्ष आणि उत्तीर्ण होण्याचे वर्ष अशी दोन्ही लिहावीत.

'पासआउट' हा शब्द कृपया अर्जातून काढून टाका. "आय पास्ड आउट इन २०२३" याचा अर्थ इंग्लंड-अमेरिकेत "२०२३ मध्ये मी बेशुद्ध पडलो" असा घेतला जातो. पदवी झाली असेल तर "आय ग्रॅज्युएटेड इन २०२३", बारावी झाली असेल तर "आय कम्प्लीटेड ट्वेल्फ्थ ग्रेड इन २०२३" लिहावे. 'फ्रेशर' म्हणजे आपल्या जाहिरातींत अनुभव नसलेला उमेदवार, इंग्लंडमध्ये विद्यापीठातील पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. 'बोनाफाईड' हे आपल्याकडे एका दाखल्याचे नाव झाले आहे. परदेशी संस्थेला "बोनाफाईड जोडले आहे" एवढेच लिहून कळणार नाही, तेथे शाळेत शिकत असल्याचा दाखला असे सविस्तर लिहावे. 'कमेन्समेंट' म्हणजे आरंभ, परंतु अमेरिकेत कमेन्समेंटचा दिवस हा पदवीदान समारंभाचा, म्हणजे कॉलेज संपण्याचा दिवस असतो. 'पब्लिक स्कूल' अमेरिकेत सरकारी शाळा, इंग्लंडमध्ये जुनी, भरपूर शुल्क घेणारी खासगी शाळा. आपल्याकडे तालुक्याच्या रस्त्यावर ज्या फलकांवर हे शब्द असतात त्या शाळा कोणत्या प्रकारच्या, हे वाचकाने शुल्काच्या पावतीवरून ठरवावे.

आणि एटीकेटी. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी हा शब्द दिवसातून दहा वेळा असतो, पण त्याचा विस्तार विचारला तर वर्ग शांत होतो. ती अक्षरे आहेत 'अलाउड टू कीप टर्म्स' यांची : एखाद्या विषयात नापास झालेल्या विद्यार्थ्याला पुढील सत्रे चालू ठेवण्याची दिलेली परवानगी. टर्म हा शब्द येथे आपल्या रोजच्या बोलण्यात किती वर्षे लपून बसला आहे पाहा. हा शब्द भारताबाहेर चालत नाही. तेथे तो विषय नंतर उत्तीर्ण केला असे सरळ वाक्य लिहावे.

सहावी पायरी : एक सूचना सोडवून पाहा

सरावासाठी मी फळ्यावर बनवलेली सूचना लिहितो : "ॲप्लिकेशन्स फॉर द स्प्रिंग सेमिस्टर ओपन ऑन ०९/०१ अँड क्लोज ऑन १०/०८. ओपन टू हायस्कूल सीनियर्स." विद्यार्थ्याने भाषांतराला हात लावण्याआधी देश शोधावा. 'हायस्कूल सीनियर्स' हे शब्द अमेरिकेकडे बोट दाखवतात, म्हणजे स्प्रिंग सेमिस्टर जानेवारीत सुरू होणार. सीनियर म्हणजे बारावीत शिकणारा, वय सतरा-अठरा; बारावी होऊन घरी बसलेल्याने आधी विचारणा करावी.

राहिल्या तारखा. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. आपल्या सवयीने वाचले तर अर्ज ९ जानेवारीला सुरू होऊन १० ऑगस्टला बंद होतात, हाताशी सात महिने आहेत आणि घाई कसलीच नाही. प्रत्यक्षात ते १ सप्टेंबरला सुरू होऊन ८ ऑक्टोबरला बंद होतात, सोयाबीन सोंगणीच्या ऐन दिवसांत. आकडा बारापेक्षा मोठा असेल तर तारीख स्वतःच उघडी पडते, कारण तेरावा महिना नसतो. दोन्ही आकडे बाराच्या आत असले की देश पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. खात्री होईपर्यंत वहीत महिना अक्षरात लिहावा.

मुदतीपुढे बहुधा "११:५९ पीएम ईस्टर्न टाइम" असे असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे ८ तारखेची ती रात्र आपल्याकडे ९ तारखेच्या सकाळी ९:२९ ला संपते. नोव्हेंबरात ते घड्याळे एक तास मागे घेतात आणि फरक साडेदहा तासांचा होतो. हे जास्तीचे तास वहीत नोंदवावेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. त्या दिवसांत परतीच्या पावसाची एक सर आली तरी आमच्याकडची लाइट सकाळपर्यंत परत येत नाही.